गणिताची गोडी आणि गावठी कुत्रा

गणितात रमणारा विद्यार्थी आणि गावठी कुत्र्यावर जीव लावणारा मनुष्य, या दोघांनाही लोक एकच प्रश्न विचारतात : 'याचा उपयोग काय?' आमच्यापैकी काहींना हे दोन्ही छंद जडलेले असल्यामुळे हा प्रश्न आमच्या वाट्यास दुपटीने येतो. तेव्हा आपली बाजू एकदा मांडावी, असे आम्हांस वाटले.

प्रथम गणिताविषयी. 'हिशेबापुरते गणित आले म्हणजे झाले,' असे वडील माणसे म्हणतात. बाजारात आपली फसवणूक होऊ नये, ही त्यांची इच्छा रास्तच आहे. परंतु तेवढ्यावरून गणिताची किंमत करणे म्हणजे आपल्या काळी नदीचे मोल घागरभर पाण्यावरून ठरविण्यासारखे आहे. नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांच्यापाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. होता तो केवळ आकड्यांचा नाद. 1949 साली त्यांना एक चमत्कार गवसला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करीत गेल्यास अधिकात अधिक सात पायऱ्यांत 6174 ही संख्या येते, आणि एकदा आली की हलत नाही.

वाचकांनी पडताळा पाहावा. आपल्या तालुक्यातले सुपा धरण 1987 साली पुरे झाले. तेच साल घेऊ. 9871 वजा 1789 म्हणजे 8082. 8820 वजा 0288 म्हणजे 8532. 8532 वजा 2358 म्हणजे 6174! जुने सुपे गाव ज्या पाण्याखाली गेले, त्या धरणाचे सालही तीन पायऱ्यांत कापरेकरांच्या संख्येपाशी येऊन थांबते. याचा बाजारात काडीचा उपयोग नाही, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. कापरेकरांनाही पुष्कळांनी हसण्यावारी नेले होते. पुढे 1975 साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. देवळालीच्या मुलांना मात्र ते आधीपासूनच ठाऊक होते, हे त्या मुलांचे केवढे भाग्य!

आता कुत्र्यांकडे वळू. या दोन विषयांचा मेळ आम्ही ओढूनताणून घालीत आहोत, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक टिमथी पेनिंग्ज यांनी 2003 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा एल्व्हिस नावाचा कुत्रा वेल्श कॉर्गी या आखूड पायांच्या जातीचा. मिशिगन सरोवराच्या काठाने ते पाण्यात तिरका चेंडू फेकीत. कुत्रा काठाने काही अंतर धावे आणि मग एकाएकी पाण्यात उडी घेई. त्याचा धावण्याचा वेग सेकंदाला 6.4 मीटर आणि पोहण्याचा अवघा 0.91 मीटर भरला. समजा, चेंडू काठाने 20 मीटर पुढे आणि पाण्यात 10 मीटर आत पडला. आरंभापासूनच सरळ पोहत गेल्यास सुमारे 24.6 सेकंद लागतात. चेंडूच्या अगदी समोर येईपर्यंत धावून मग पोहल्यास 14.1. समोर येण्यापूर्वी सुमारे दीड मीटरवरच उडी घेतल्यास 14.0, आणि तीच सर्वांत थोडी वेळ. महाविद्यालयात कलनशास्त्राने काढावे लागणारे हे उत्तर एल्व्हिस बहुतेक खेपेस जवळजवळ अचूक साधत असे. तो मनात समीकरणे सोडवीत नव्हता, हे उघड आहे. पण पाटातून धावत येणारा आपला मोत्या वाट कशी निवडतो, हे हातात घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन पाहण्याजोगे आहे, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

कुत्रा कोणता चांगला, याविषयी आमच्यात एकमत नाही. काहींचा ओढा मुधोळ कुत्र्याकडे आहे. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी नावारूपास आणलेली ही जात सडपातळ, लांब पायांची आणि वाऱ्यासारखी धावणारी. 2005 साली तिचे चित्र भारताच्या टपाल तिकिटावरही आले. आम्हांसही तिचा अभिमान आहे. परंतु हा कुत्रा नजरेने शिकार हेरणारा, मोकळ्या माळावरचा. दहा पावलांवर झाड आडवे येणाऱ्या आमच्या रानात त्याने आपली दौड दाखवावी कोठे? दाट केसांच्या अल्सेशियनाची पावसाळ्यातील दैना तर पाहवत नाही. अंग वाळत नाही, गोचिड्या सुटत नाहीत.

उरला गावठी. आखूड केसांचा, मिळेल ते खाणारा, परका आणि आपला ओळखणारा. आमचे मत त्याच्या पारड्यात आहे. आमची तक्रारही त्याच्याविषयीच्याच वागणुकीची आहे. विकत आणलेला कुत्रा रात्री पडवीत गोणपाटावर निजतो आणि गावठी अंगणात उघड्यावर राहतो. व्याघ्र प्रकल्पाच्या रानालगत राहणाऱ्यांस याचा अर्थ सांगावयास नको. एखाद्या सकाळी नुसता पट्टा सापडतो. बिबट्यास दोष देण्यात अर्थ नाही, त्याला सोपी वाट आपणच दाखवितो. शिवाय मोकाट कुत्रा रानात शिरून भेकराच्या मागे लागतो, तो अपराधही मालकाचाच. म्हणून आमची मागणी साधी आहे. सूर्य मावळताच गावठी कुत्राही आत घ्यावा, आणि पिसाळीची लस महागड्या कुत्र्याइतकीच त्यालाही वेळेवर टोचावी. पिसाळीची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे कुत्रा काय आणि मनुष्य काय, बहुधा कोणीच वाचत नाही.

मुधोळच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्या वर्गबंधूंना पुढील अंकात जागा मिळावी, अशी संपादकांस विनंती आहे. त्यांनी सुपारीच्या बागेत धावणाऱ्या कुत्र्याचा वेग मात्र स्वतः मोजून आणावा.