मेणबत्ती आमची, माशी कोणाची?

काही वर्षांपूर्वी आमच्या ख्रिस्तमंदिराच्या घंटाघरावर आग्या मोहोळ बसले. सण आठ दिवसांवर आला होता. मिरवणुकीत बँड वाजणार, फटाके उडणार. माश्या उठल्या तर लहान मुलांचे काय, असा प्रश्न पुढे आला. तो प्रश्न खोटा नव्हता. धर्मग्रामाच्या मंडळाने मोहोळ जाळून टाकण्याचे ठरवले आणि त्याला संमती आम्हीच दिली. रात्री पलिते पेटले. सकाळी पायऱ्यांवर जळलेल्या माश्यांचा खच पडला होता. तो झाडून टोपल्यांत भरला गेला आणि त्याच पायऱ्या चढून आम्ही वेदीवरच्या मेणबत्त्या पेटवल्या. त्या दिवशी मनाला काहीच टोचले नाही, हे आज अधिक टोचते.

ख्रिस्तसभेने ज्या मोजक्या जिवांचे ऋण उपासनेत उघडपणे मान्य केले, त्यांत मधमाशी आहे. शतकानुशतके वेदीवर तिच्याच मेणाच्या वाती जळत आल्या. पास्काच्या व मिस्सेच्या मेणबत्त्यांत बहुतांश मेण मधमाशीचेच असावे, असा आदेश 1904 साली रोमहून निघाला होता. पास्काच्या रात्री त्या मेणबत्तीसमोर जे लॅटिन घोषगीत गायिले जाते, त्यात हे मेण सिद्ध करणाऱ्या माशीच्या श्रमांचे स्मरण आहे. सत्तरच्या दशकातील इंग्रजी भाषांतरातून ती माशी गळाली; 2011 च्या भाषांतरात ती परतली. मधल्या काळात कोणी तिची चौकशी केल्याचे आम्हास स्मरत नाही. आज आमच्या वेदीवरील बहुतेक मेणबत्त्या खनिज तेलातून निघणाऱ्या पॅराफिनच्या असतात. मेण हे नाव तेवढे उरले आहे.

माशीचा कैवार घेणारे आज कमी नाहीत; पण त्यांतील पुष्कळांचे बोलणे आम्हास पटत नाही. शेवटची मधमाशी मेली की चार वर्षांत मनुष्यजात संपेल, असे आइनस्टाईन म्हणून गेले, ही थाप व्याख्यानांतून आणि फलकांवरून फिरत असते. आइनस्टाईन 1955 साली वारले. त्यांच्या लेखनात हे वाक्य कोणास दाखवता आलेले नाही. शिवाय ते खरेही नाही. भात, गहू, मका यांना माशीची गरज नाही. ते काम वारा करतो किंवा फूल स्वतःच उरकते. आमच्या वसईची केळ तर परागाविनाच धरते. माणूस उपाशी मरणार नाही. प्रश्न आहे तो त्याच्या ताटातून काय उठून जाईल, हा. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिकांना कीटक व इतर प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमीअधिक लाभ होतो. भोपळा, काकडी, पडवळ, सूर्यफूल, बदाम, वेलची ही सारी त्यांतली. भात उरेल, कालवण जाईल. श्रीमंत मनुष्य महागडे फळ विकत घेईल; कोरडा भात वाट्याला येईल तो गरिबाच्या लेकराच्या. भीती घालण्यासाठी खोटे बोलण्याची गरज नाही. खरे आहे तेवढेच लाज वाटण्यास पुरेसे आहे.

दुसरा गैरसमज याहून गोड आहे. मधमाशी वाचवायची म्हणजे पेट्या वाटायच्या आणि मध विकायचा, असे अनेकांस वाटते. मधपेट्यांशी आमचे वैर नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशी पाळणाऱ्या कुटुंबांना त्यातून आधार मिळतो, आणि 2022 साली तेथील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, याचा आम्हास आनंद आहे. परंतु जगातील पाळीव मधमाश्यांच्या पेट्या 1961 पासून एकंदरीत वाढतच आल्या आहेत. मोठे संकट आहे ते रानमाश्यांवर. या कुळात 20,000 हून अधिक जाती आहेत आणि मध साठवणाऱ्या त्यांत थोड्या. बाकीच्या बहुतेक जमिनीतल्या बिळात, पोकळ काडीत, जुन्या लाकडात एकेकट्या संसार करतात. त्यांचा मध नाही, म्हणून त्यांचा कैवारीही नाही. अमेरिकेतील ‘फ्रँकलिन’ जातीची गुबगुबीत रानमाशी 2006 नंतर कोणास दिसलेली नाही. जर्मनीतील राखीव क्षेत्रांतच 27 वर्षांत उडत्या कीटकांचे एकूण वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे 2017 साली प्रसिद्ध झाले. वांग्याच्या नि टोमॅटोच्या फुलात पराग जणू बंद डबीत असतो. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा तो बाहेर सांडतो. पेटीतल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. गोठ्यात म्हशी वाढल्या म्हणून रानातली हरणे सुखरूप आहेत, असे कोणी म्हणेल काय?

मग या माशीला मारतो कोण? दूरच्या कारखान्याकडे बोट दाखवणे सोपे आहे, आणि कारखान्याचा दोष आहेच. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांवर 2013 साली निर्बंध घातले व 2018 साली उघड्या शेतांत त्यांचा वापर बंद केला. तेच इमिडाक्लोप्रिड आपल्या बाजारात सहज मिळते. असले विष नुसते बियाण्याला चोळले तरी झाडाच्या अंगभर भिनते, पराग-मकरंदात उतरते. पण पंप कोणाच्या पाठीवर असतो? सकाळी फुले उमललेली असताना, माश्या फुलांवर असताना फवारणारे हात आमच्याच भाविकांचे आहेत. आणि त्याच घरातल्या माउल्या आम्हास सांगतात, ‘फादर, वेलीला भोपळे धरतात, बोटाएवढे होतात आणि पिवळे पडून गळतात.’ भोपळ्याच्या वेलीवर नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. एकातला पराग दुसऱ्यावर कोणीतरी न्यावा लागतो. आता काही घरांत पहाटे नरफूल खुडून मादीफुलावर हाताने फिरवतात. चीनमधील सिचुआन प्रांतात हानयुआनचे शेतकरी नासपतीच्या झाडांवर चढून बांबूला बांधलेल्या पिसांनी हेच काम करीत आले आहेत. जे काम माशी विनामोबदला करीत होती, तेच आता माणूस मजुरी मोजून करतो.

बागायतदार म्हणेल, फवारले नाही तर पीक हातचे जाईल. हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. आम्हीही बागायतीच्या घरातच वाढलो. फवारूच नका, असे आमचे म्हणणे नाही. फुलोऱ्यात फवारू नका, आणि अटळच असेल तर माश्या परतल्यावर, दिवेलागणीनंतर फवारा, एवढेच मागणे आहे. बांधावरचे तण थोडे फुलू द्या. तुळशीच्या मंजिऱ्या, शेवग्याचा फुलोरा उगाच छाटू नका. सारे अंगण फरशीने मढवले, तर जमिनीत घर करणाऱ्या माशीने जावे कोठे? आग्याचा डंख जीवघेणा ठरू शकतो, हेही खरे. पण आग्या हा बिऱ्हाडकरू आहे. फुलांचा हंगाम सरला की आपणहून उठून जातो. तोवर खालची वर्दळ अडवावी, धूर नि फटाके दूर ठेवावेत. हलवणे अगदी अपरिहार्य झाले, तर जाणत्या माणसास बोलवावे, पलित्यास नव्हे.

शेतातील विषांमुळे शेतीला उपकारक असे पक्षी व कीटक नाहीसे होत आहेत, हे पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या पत्रात निक्षून मांडले. मोहोळ जाळले गेले, त्याआधीच आम्ही त्या पत्रावर प्रवचने दिली होती. घंटाघराकडे मान वर करून पाहणे मात्र आम्हास सुचले नाही. ज्ञान नव्हते, ही सबब आमच्यापाशी नाही. आणि वाचकहो, हे वाचल्यानंतर ती तुमच्यापाशीही उरत नाही.

त्या वर्षानंतर आमच्या घंटाघरावर मोहोळ बसलेले नाही. पुन्हा कधी बसलेच, तर सणाची मिरवणूक मागच्या दाराने निघेल. बँड वाजणार नाही, फटाके उडणार नाहीत. त्यामुळे सणाची शोभा गेली असे ज्यांना वाटेल, त्यांनी आमच्याशी भांडायला अवश्य यावे. आम्ही तयार आहोत.