दुखणे म्हशीला, औषध पखालीला

सत्राचे अखेरचे तीन आठवडे उजाडले, की आमच्या महाविद्यालयांतून दोन दृश्ये हमखास दिसू लागतात. ग्रंथालयात, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि लोकलच्या डब्यातदेखील जर्नले पुरी करीत बसलेले विद्यार्थी हे एक. आणि सूचनाफलकावर झळकणारी ‘ताणतणावाचे नियोजन’ या विषयावरील व्याख्यानाची जाहिरात हे दुसरे. वेळेचे नियोजन करा, मन शांत ठेवा, हा व्याख्यात्यांचा उपदेश खोटा नाही. परंतु दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा, आणि तीन तासांच्या उत्तरपत्रिकेवर साऱ्या वर्षाचा निवाडा, ही जुनी रीत जाचक होती. ते ओझे हलके व्हावे आणि अभ्यास वर्षभर विभागला जावा, म्हणूनच सत्रपद्धती आली. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्रपद्धती स्वीकारली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. हेतू निर्मळ होता. परंतु वर्षातून एकदा येणारे संकट आता दोनदा येते, अशी भावना विद्यार्थ्यांच्या घरोघरी का असावी?

याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे अध्ययन. त्यात व्याख्याने, प्रात्यक्षिके, स्वाध्याय सारे आले. आमच्या राज्यातील नव्या पदवी अभ्यासक्रमात एका सत्राला साधारणतः २२ श्रेयांक असतात. म्हणजे ६६० तास. पंधरा आठवड्यांवर ते सारखे वाटले, तर आठवड्यास ४४ तास पडतात. कचेरीतला कारकून करतो त्याच्या आसपासचे हे काम. धडधाकट तरुणास ते जड नाही. मात्र यातील निम्मे काम अखेरच्या तीन आठवड्यांत लोटले, तर हाच आकडा ११० वर जातो. म्हणजे रोज पंधरा तासांहून अधिक! वेळेचे नियोजन करावयाचे ते कोणत्या वेळेचे? मग पहिली कात्री लागते ती झोपेला. आणि वाचलेले स्मरणात पक्के होण्यास झोपच लागते, हे शास्त्राने सिद्ध केलेले आहे. जागरणाने विद्यार्थी मिळवतो त्याहून अधिक गमावतो.

काम असे शेवटी का तुंबते? विद्यार्थ्यांची चालढकल हे एक कारण खरेच. ते झाकण्याचे प्रयोजन नाही. परंतु प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या म्हणजे सत्र उशिरा सुरू होते आणि परीक्षेची तारीख मात्र फारशी हलत नाही. प्रत्येक प्राध्यापक आपल्या विषयापुरता प्रकल्प, चाचणी व तोंडी परीक्षा ठरवितो. दुसऱ्या विषयाची तारीख त्याच दिवशी आहे काय, हे पाहणे कोणाचेच काम नसते. रिक्त जागांमुळे तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत धावणारा अध्यापक तरी हे केव्हा पाहणार? अंतर्गत गुणांचे तक्ते भरता भरता तोही याच चरकात पिळला जातो.

प्रश्न केवळ गैरसोयीचा असता, तर अग्रलेखाचे प्रयोजन नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते. या साऱ्यांचे खापर परीक्षेवर फोडणे अन्यायाचे होईल; अशा घटनेमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमण्यास सांगितले आणि परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान गटांकडे विशेष लक्ष देण्यावर भर दिला, याचा अर्थ उघड आहे. समुपदेशक अवश्य हवा. पण त्याच्या हाती वेळापत्रक नसते.

जग कोणास सवलत देत नाही, तरुणांनी ताण सोसावयास शिकलेच पाहिजे, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. कठीण विषयाचा ताण जरूर सोसावा. त्याने बुद्धीला धार येते. चार प्राध्यापकांनी एकच तारीख दिल्यामुळे येणारा ताण कोणते शहाणपण शिकवितो?

उपाय खर्चाचे नाहीत. सत्रारंभीच सर्व विषयांचे एकत्रित वेळापत्रक लावावे. एका वर्गास एका दिवशी एकच काम द्यावे. निम्मे अंतर्गत मूल्यमापन सत्राच्या मध्यापूर्वी उरकावे. आणि शेवटचे व्याख्यान व पहिली प्रश्नपत्रिका यांत आठवडाभर मोकळीक ठेवावी. विद्यार्थ्यांनीही मग आठवड्याचे काम आठवड्यात संपविण्याची शिस्त अंगी बाणवावी; घरच्यांनी गुणांआधी मुलाच्या झोपेची व जेवणाची चौकशी करावी. परंतु पहिले पाऊल विद्यापीठांनी व प्राचार्यांनीच टाकले पाहिजे. वेळेच्या नियोजनाचा धडा तरुणांस देण्यापूर्वी तो त्यांनी स्वतः गिरवावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.