शेवाळ आधी येऊ द्यायचं आणि मग मारायचं?



पर्युषण जवळ आले की आपल्या घरांतून एक फोन हमखास जातो, गच्ची धुणाऱ्या माणसाला. कुणाची अठाई असते, पारण्याला पाहुणे येणार असतात, मांडव गच्चीत पडणार असतो आणि गच्ची हिरवीगार झालेली असते. तो माणूस प्रेशरचं मशीन, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिडचा कॅन घेऊन येतो. दोन तासांत फरशी आरशासारखी होते. मग ग्रुपवर फोटो येतो आणि खाली दहा जणी हात जोडतात. मला या फोटोंविरुद्ध लिहायचं आहे, आणि गोड बोलून लिहिणार नाही.

सामायिक घेताना आपण इरियावहियंचा पाठ म्हणतो. येताजाता कोणकोणत्या जीवांना त्रास झाला त्यांची त्यात यादी आहे. दव आहे, मुंग्यांची वारुळं आहेत, ओली माती आहे, कोळ्याचं जाळं आहे. आणि 'पणग' आहे. पणग म्हणजेच हे शेवाळ, बुरशी. नुसता पाय पडला तरी क्षमा मागायची, इतकं आपल्या शास्त्राने त्याला मोजलं आहे. कांदा-बटाटा आपण अनंतकाय म्हणून सोडतो. शेवाळही अनंतकायच. बटाटा ताटात आला तर चार जणी कुजबुजतात, आणि अख्ख्या गच्चीवर ॲसिड ओतलं तर 'वा, किती स्वच्छ!'

चातुर्मासात महाराज साहेब विहार का थांबवतात, हे आपल्या नातवंडांनाही पाठ असतं: पावसात जमिनीवर जीवांची उत्पत्ती फार होते, चालूनसुद्धा हिंसा होते. ते पाऊल थांबवतात आणि आपण नेमकं त्याच चार महिन्यांत मशीन लावतो.

'आम्ही कुठे करतो, तो माणूस करतो,' असं एकीने मला सांगितलं. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं ही तीनही आपल्याकडे एकाच ओळीत बसतात, हे तिला मी सांगायला नको होतं. शिवाय तो माणूस तरी कोण? कुठे कुठे हे काम भांडी घासणाऱ्या मावशीच्याच गळ्यात पडतं. पायात रबरी चपला, हाताला मोजे नाहीत, समोर ॲसिड. त्यात ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो, तो श्वासात गेला तर जिवावर बेतू शकतं. पंचेंद्रिय जीव आहे ती मावशी. तिच्यासाठी जयणा नाही का?

आता पाणी. घरगुती प्रेशर मशीन तासाला तीनशे-चारशे लिटर पाणी सहज ओढतं. आपल्या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीहून, म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरून वर चढवून आणावं लागतं. नळाला पाणी रोज येतच नाही, मध्ये किती दिवस जातात ते तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, तरी टँकरचे नंबर आपल्या फोनमधून गेलेले नाहीत. घरात पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्या आपण, आणि वर गच्चीवर अप्कायाची ही उधळण!

मी कॉमर्सची, म्हणून हिशेबही मांडते. सिमेंटमध्ये चुना असतो आणि ॲसिड चुना खातं. फरशी चकाकते, पण सांधी पोकळ होतात. पुढच्या पावसात त्या सांधीत पाणी मुरतं, ओल टिकते, शेवाळ आधीपेक्षा दाट येतं आणि खालच्या खोलीच्या छताला पोपडे धरतात. म्हणजे स्वच्छतेच्या खात्यावर खर्च टाकला आणि घसारा मात्र वाढवून घेतला. असा खर्च दरवर्षी करणाऱ्या दुकानदाराला आपले सासरे काय म्हणाले असते?

'मग काय, शेवाळ तसंच ठेवायचं? कुणी घसरून पडलं तर?' हा प्रश्न खरा आहे. आमच्या गल्लीतल्या एक काकी टाकीचं झाकण बघायला वर गेल्या आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. रोज स्थानकात चालत जाणारी बाई आता खुर्चीवर बसून प्रतिक्रमण करते. त्यामुळे 'पाप लागेल म्हणून हात लावत नाही' असं म्हणून गच्ची सोडून देणाऱ्यांची बाजूही मी घेत नाही. तो धर्म नव्हे, आळस आहे.

माझं म्हणणं एवढंच, की शेवाळ येऊच देऊ नका. आपण काही कोकणात राहत नाही. तिथे ३,००० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे सरासरी ७००च्या आसपास. वैशाखात चिकलठाण्याचं तापमान चाळिशी ओलांडतं, तेव्हा शेवाळ वाळून जातं. अशा कोरड्या गावात गच्ची हिरवी होते याचा अर्थ पाणी कुठेतरी साचतंय, आणि ते आपल्यामुळे. टाकी भरून वाहते, बॉलकॉक बिघडलेला असतो. कूलर आणि एसीचं पाणी फरशीवर सोडलेलं असतं. कुंड्या थेट फरशीवर टेकलेल्या, त्यांच्याखाली बारा महिने ओल. पावसाच्या पाइपची जाळी पानांनी तुंबलेली.

काम करायचं ते अक्षय तृतीयेनंतर, कडक उन्हात. पाणी न टाकता खराट्याने हलक्या हाताने झाडायचं, आधी मुंग्यांची रांग बघून. जाळी मोकळी करायची. एक बादली पाणी ओतून बघायचं: दहा मिनिटांनी कुठे डबकं उरलं, तिथे खडूने खूण. मिस्त्रीकडून तेवढाच उतार नीट करून घ्यायचा, उघड्या सांधी भरून घ्यायच्या. कुंड्यांना विटा किंवा लोखंडी स्टँड. पावसाळ्यात सर थांबली की वायपरने साचलेलं पाणी ओढायचं, पाच मिनिटांचं काम. शेवाळ धरायच्या आधी ओढलं तर मारायला काही उरतच नाही. डासांचंही तेच. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, पाणी साचलंच नाही तर फवारणीचं पाप कशाला?

आणि एक, राग येईल तरी सांगते. कबुतरांना पोतंभर ज्वारी गच्चीवर पसरणं ही जीवदया नाही. पावसात ते दाणे कुजतात, किडे पडतात, जाळी तुंबते. मूठभर घाला, संपल्याचं बघा.

यंदा ज्यांच्याकडे शेवाळ आलंच आहे त्यांनी गच्चीचं दार लावून घ्या, म्हातारी माणसं आणि मुलं वर जाणार नाहीत असं बघा. पारण्याचा मांडव खाली पार्किंगमध्ये घाला. पाहुण्यांना जिने चढावे लागणार नाहीत, ते आशीर्वादच देतील. टाकीचा बॉलकॉक मात्र आजच बदला. आणि मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवा, मे महिन्यात तो सगळ्यांनाच हवा असतो.