मढं गोड, जिता माणूस कडू

पंक ऐकणाऱ्या पोरांत एक भांडण अजून मिटलेलं नाही. स्वीडनच्या उत्तरेला उमेओ नावाचं शहर आहे. तिथला रिफ्यूज्ड हा बँड १९९८ ला मेला. कुणी मारला नाही, आपण होऊन मेला. २०१२ ला उठून बसला. २०१५ ला त्याने 'फ्रीडम' नावाचा अल्बम काढला. तेव्हापासून एक टोळकं बोंबलतंय, गद्दार! दुसरं म्हणतंय, बाप तो बाप, पाया पडा आणि गप्प ऐका. आम्हाला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी हे लोक कोण ते सांगतो. गाणारा डेनिस लिक्सेन आणि ड्रम वाजवणारा डेव्हिड सँडस्ट्रॉम यांनी १९९१ ला बँड उभा केला. १९९६ च्या अल्बमला नाव दिलं 'साँग्ज टू फॅन द फ्लेम्स ऑफ डिसकंटेंट'. म्हणजे असंतोषाच्या जाळाला वारा घालणारी गाणी. हे नाव त्यांच्या डोक्यातलं नाही. अमेरिकेतल्या आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेने १९०९ पासून गाण्यांची एक छोटी लाल पुस्तिका काढली, तिचं हे बिरुद. त्या पुस्तिकेतला सगळ्यात गाजलेला गाणी रचणारा म्हणजे जो हिल. तो स्वीडनमधल्या येव्ले गावचा, जन्म १८७९. अमेरिकेत गेला, बंदरावर राबला, संपासाठी गाणी रचली. १९१५ ला युटा राज्याने खुनाच्या खटल्यात त्याला गोळ्या घातल्या. खटला खोटा होता असं कामगारांनी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतात. गोदीत हूक धरणाऱ्या आमच्यासारख्याला या बँडची ओळख इथून पटली. गिटार नंतर.

१९९८ ला त्यांनी 'द शेप ऑफ पंक टू कम' काढला. नाव ऑर्नेट कोलमन या काळ्या सॅक्सोफोनवाल्याच्या १९५९ च्या जॅझ अल्बमवरून घेतलेलं. तेव्हा फार कुणी विचारलं नाही. अमेरिकेच्या दौऱ्यात आपसात फाटलं. शेवटचा कार्यक्रम व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गला, एका घराच्या तळघरात. चारदोन गाणी झाली आणि पोलिसांनी बंद पाडला. मग त्यांनी जाहीरनामा काढला. आम्ही मेलो, पुन्हा एकत्र वाजवणार नाही, झालं गेलं त्याचे गोडवे गाणार नाही, वर्तमानपत्रांनी आमचे फोटो जाळून टाकावेत.

आणि मेल्यावर काय झालं? नाव झालं. जिवंत असताना ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही ते मढ्याच्या पाया पडू लागले. मढं सोयीचं असतं. म्हातारं होत नाही, चुकत नाही, पैसे मागत नाही. टीशर्टावर छापता येतं.

२०१२ ला हे मढं कॅलिफोर्नियातल्या कोचेलाच्या मंचावर उभं राहिलं. कोचेला म्हणजे महागड्या तिकिटांची जत्रा. गद्दार म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा हाच, की पैशासाठी आले. आम्ही विचारतो, मग काय झालं? घाम गाळला, मजुरी घेतली. कलावंताने उपाशी राहून आपल्याला क्रांती ऐकवावी ही हौस पोट भरलेल्यांची. ज्याच्या घरी पगाराच्या दिवशी किराणा येतो तो असं बोलणार नाही.

प्रश्न पैशाचा नाही, शपथेचा आहे. जाहीरनामा निघाला तेव्हा लिक्सेन सव्वीस वर्षांचा होता. आम्हीही त्याच वयाचे. आमच्याही वहीत तसली वाक्यं पडलेली आहेत. पुन्हा तोंड बघणार नाही, मेलो तरी परतणार नाही. फूट म्हणजे काय आणि ऐक्य म्हणजे काय, हे आपल्याला स्वीडनवाल्यांनी शिकवायला नको. पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघताना एक लख्ख दिसतं. जो मरणाची शपथ घेतो, त्याला नंतर जगायचं झालं तर स्वतःचंच कागदपत्र आडवं येतं.

आता अल्बम. गाणी दहा. 'फ्रांसआफ्रिक' या गाण्यात फ्रान्सने आफ्रिकेच्या गळ्यात वसाहती सुटल्यावरही जो फास ठेवला त्याची गोष्ट आहे, आणि ते सुरू होतं लहान पोरांच्या आवाजात. ऐकून अंगावर काटा येतो. 'वॉर ऑन द पॅलेसेस' हे नाव जर्मनीतल्या गेओर्ग ब्यूखनरने १८३४ ला गरिबांसाठी काढलेल्या पत्रकातलं. शेवटचं गाणं 'युसलेस युरोपियन्स', संथ, स्वतःच्याच गोऱ्या जातीवर उलटलेलं. त्यांचं राजकारण विकलं गेलं असं जे म्हणतात त्यांनी ही तीन गाणी ऐकली नाहीत, एवढंच आम्ही म्हणू.

पण पाया पडणाऱ्यांनीही कान उघडावेत. 'इलेक्ट्रा' आणि '३६६' या दोन गाण्यांत शेलबॅक नावाचा माणूस आहे. मॅक्स मार्टिनबरोबर टेलर स्विफ्टची गाणी करणारा. पॉप म्हणजे पाप असं आम्ही मानत नाही. आमची तक्रार आवाजाची आहे. १९९८ च्या अल्बममध्ये पुढच्या क्षणाला काय येईल याचा भरवसा नव्हता. मधेच सगळं थांबे, मधेच व्हायोलिन, मधेच यंत्राचा ठोका. 'फ्रीडम' मध्ये धृपद कधी येणार ते आधीच कळतं. सगळं घासूनपुसून चकचकीत. हूक नुसता चकचकीत करून गासडी उचलत नाही, त्याला टोक लागतं. या अल्बममध्ये निम्म्या ठिकाणी टोक आहे, निम्म्या ठिकाणी नुसती चमक.

आणखी एक गोष्ट पाया पडणारे सांगत नाहीत. गिटारवाला योन ब्रेनस्ट्रॉम परतीच्या दौऱ्यात होता. २०१४ ला त्याने जाहीर केलं की मला बँडमधून काढलं. आत काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत. पण ज्या अल्बमचं नाव स्वातंत्र्य, त्याच्या उंबऱ्यावर जुना सोबती बाहेर उभा आहे, हे डोळ्याआड कसं करायचं? एकत्र येण्याचे ढोल वाजतात तेव्हा बाहेर कोण राहिलं ते आधी मोजा. ही सवय ठेवा.

पुढचं थोडक्यात. २०१९ ला 'वॉर म्युझिक' आला, जास्त धारदार. २०२० ला 'सायबरपंक २०७७' या व्हिडिओ गेममधल्या एका खोट्या बंडखोर बँडसाठी त्यांनी खरी गाणी केली. कंपन्यांच्या राज्याविरुद्धची गाणी, कंपनीच्याच मालात. हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा. २०२४ ला लिक्सेनला हार्ट अटॅक आला, तरी उठला, गायला. त्याच वर्षी डिसेंबरात उमेओत, आपल्या गावच्या माणसांसमोर, बँडने शेवटचं वाजवलं.

आम्हाला हा दुसरा शेवट पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. पहिल्यात रुबाब होता. दुसऱ्यात जुन्या शपथेने केलेली फजिती, अर्धवट जमलेला अल्बम, शिव्या, आजारी काळीज आणि तरीही केलेलं काम होतं.

तेव्हा दोस्तहो, 'फ्रीडम' दोनदा ऐका. जे बोथट आहे त्याला बोथट म्हणा, तोंडावर म्हणा. पण परत आला म्हणून कुणाला दगड मारू नका. आणि आपल्या वहीतली ती मरणाची वाक्यं आजच खोडा. उद्या परत यावं लागलं तर रस्ता मोकळा पाहिजे.