वर्गातला पाहुणा

अध्यापक महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो तरुण बी.एड्.ची पदवी घेऊन बाहेर पडतात. शैक्षणिक मानसशास्त्र, मूल्यमापनाची तंत्रे, अध्यापनाच्या निरनिराळ्या पद्धती यांचा अभ्यास त्यांनी केलेला असतो. निदान परीक्षेपुरता तरी केलेला असतोच. परंतु माध्यमिक शाळेतील साठ-पासष्ट मुलांसमोर प्रथमच एकट्याने उभे राहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जो प्रश्न समोर ठाकतो, त्याचे उत्तर यांपैकी कोणत्याही विषयात सापडत नाही. हा वर्ग शांत कसा करावा आणि शांत झालेला वर्ग कामाला कसा लावावा, हा तो प्रश्न. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नावर शिक्षकाचे पुढील तीस वर्षांचे समाधान आणि त्याच्या हाताखालून जाणाऱ्या शेकडो मुलांचे शिक्षण अवलंबून असते.

आमच्या महाविद्यालयातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेले अनेक विद्यार्थी बी.एड्.कडे वळतात आणि पुढेही भेटत राहतात. त्यांच्या अनुभवांत विलक्षण साम्य आढळते. सराव पाठासाठी छात्राध्यापक आठवीच्या किंवा नववीच्या वर्गात जातो, तेव्हा त्याच्या हाती रंगीत तक्ते असतात, वहीत मिनिटामिनिटाचा हिशेब मांडलेले पाठ टाचण असते आणि मागच्या बाकावर निरीक्षणाची वही उघडून त्याचे प्राध्यापक बसलेले असतात. मुले सहसा गप्प असतात; काही जण तर अपेक्षित उत्तरे उत्साहाने देऊन नव्या बाईंची वा सरांची लाज राखतात. पाठ उत्तम झाल्याचा शेरा मिळतो. आठवड्याभराने कोणी शिक्षक रजेवर जातात आणि त्याच छात्राध्यापकाला मधल्या सुट्टीनंतरच्या ऑफ तासाला त्याच वर्गावर पाठविले जाते. या वेळी मागच्या बाकावर कोणी नसते. फळ्याकडे वळून तारीख लिहीपर्यंत मागे कुजबुज सुरू होते. ती ऐकून तो वळतो, आवाज चढवतो. क्षणभर शांतता पसरते आणि पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यातून हसणे ऐकू येते. तास संपतो तेव्हा घसा बसलेला असतो आणि शिकवून काहीच झालेले नसते.

हे का घडते? मुले वाईट असतात म्हणून खचित नव्हे. पहिल्या दिवशीची शांतता छात्राध्यापकाची नसते; ती मागे बसलेल्या निरीक्षकाची आणि वर्गशिक्षकाच्या वचकाची उसनी शांतता असते. छात्राध्यापक हा त्या वर्गातला पाहुणा असतो आणि मुलांनी हे अचूक ओळखलेले असते. त्याला त्यांची नावे ठाऊक नसतात. ‘ए, खिडकीजवळच्या!’ अशी हाक मारली की एकाच वेळी चार मुले माना वळवतात आणि ‘मी का सर?’ असे साळसूदपणे विचारतात. ज्याला नाव माहीत नाही त्याला उद्या काही आठवणार नाही, एवढा व्यवहार चौदा वर्षांच्या मुलाला उत्तम कळतो.

वर्गावर ताबा ठेवणे ही जन्मजात देणगी आहे, शिक्षक घडवता येत नाही, तो जन्मावा लागतो, असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ही समजूत सर्वांच्याच सोयीची आहे. कारण देणगीच असेल, तर ती शिकविण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. पण ती खरी नाही. जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या व्याख्यानात वृत्तपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला दटावले, तेव्हा इतर विद्यार्थीही सावरून बसल्याचे त्याच्या लक्षात आले. कोणत्या प्रकारचे दटावणे अधिक परिणामकारक ठरते, याचा शोध त्याने त्यातून सुरू केला. 1970 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता. ज्यांचे वर्ग सुरळीत चालतात आणि ज्यांचे चालत नाहीत, अशा शिक्षकांच्या दटावण्याच्या पद्धतीत त्याला महत्त्वाचा फरक आढळला नाही. फरक होता तो गडबड उद्भवण्यापूर्वीच्या वागण्यात. वर्गात कोठे काय चालले आहे याचे सतत भान ठेवणे, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना खंड पडू न देणे, ही यशस्वी शिक्षकांची लक्षणे होती. ही सारी कौशल्ये आहेत. आणि कोणतेही कौशल्य जाणत्याच्या शेजारी राहून, वारंवार करून, चुकून आणि सुधारून अंगी बाणते.

आपल्या प्रशिक्षणात यासाठी जागा किती आहे? सूक्ष्म अध्यापनाची पद्धत 1963 च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि सत्तरच्या दशकात आपल्याकडे रूढ झाली. प्रश्न विचारणे, फलकलेखन, उदाहरण देणे यांसारखे एकेक कौशल्य पाचसहा मिनिटांच्या पाठातून घोटून घेणे, ही तिची कल्पना उपयुक्त आहे. पण आपल्याकडे त्या पाठात विद्यार्थी म्हणून बहुधा छात्राध्यापकाचे सहाध्यायीच बसतात. ते कागदी बाण मारीत नाहीत, पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारीत नाहीत. पोहणे काठावर शिकविण्याचाच हा प्रकार झाला. अध्यापक महाविद्यालये शाळांपासून तुटलेली आहेत, ही तक्रार 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानेही नोंदविली होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 च्या नियमांन्वये बी.एड्.चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा केला आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आवश्यक ठरविली. कागदावर ही सुधारणा मोठी आहे. परंतु शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या दहा हजारांहून अधिक एकल संस्थांपैकी बहुसंख्य संस्था प्रशिक्षणाचा गंभीर प्रयत्नही न करता पैसे घेऊन पदव्या विकत आहेत, असे न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या 2012 मधील अहवालाचा हवाला देऊन 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नमूद केले आहे. अशा संस्थांत वीस आठवड्यांचे रूपांतर वीस सह्यांत होण्यास कितीसा वेळ लागणार?

जेथे संस्था प्रामाणिक आहे, तेथेही एक अडचण उरते आणि ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज दिसावी. छात्राध्यापकाला खरोखर घडवू शकतो तो शाळेतला अनुभवी शिक्षक. पण त्याने हे का करावे? नवख्याच्या हाती वर्ग दिला की आपला अभ्यासक्रम मागे पडतो, बिघडलेली घडी पुन्हा बसवावी लागते आणि पालकांच्या तक्रारीही आपल्यालाच ऐकाव्या लागतात. या श्रमांबद्दल त्याला बहुधा तासिकांत सवलत मिळत नाही की मानधन मिळत नाही. शिवाय घडविलेला तरुण उद्या नोकरी करणार तो दुसऱ्याच शाळेत. खर्च एकाने सोसायचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा, अशी व्यवस्था असली की त्या वस्तूचा पुरवठा गरजेपेक्षा कमीच होतो. म्हणून बहुतेक शाळांत मार्गदर्शक शिक्षक सौजन्याने वर्ग देतात, वहीवर सही करतात आणि तो तास तपासणीच्या कामी लावतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘आंतरवासिता’ हा शब्द आपण वैद्यकाकडून घेतला. पण तेथे वर्षभर रुग्णालयात राबणाऱ्या आंतरवासीयाला विद्यावेतन मिळते, येथे छात्राध्यापक त्या काळाचेही शुल्क भरत असतो.

हा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे, याला एक विशेष कारण आहे. पूर्वी नवख्या शिक्षकाची उणीव छडी भरून काढीत असे. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. ते सर्वथा योग्यच झाले. छडीने वर्ग शांत होत असे, पण तो शिकत असेच असे नव्हे. भीतीने मिटलेले तोंड प्रश्न विचारीत नाही. तथापि, एक साधन काढून घेताना त्याच्या जागी दुसरे देण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांनी आणि विद्यापीठांनी उचलली नाही. परिणामी, हतबल झालेला तरुण शिक्षक दोनपैकी एक मार्ग धरतो: कायदा मोडून हात उगारतो, किंवा वर्गाचा नाद सोडून पहिल्या दोन बाकांपुरते शिकवतो. पहिल्याची निदान बातमी होते. दुसऱ्याची होत नाही. मागच्या बाकांवरची मुले निमूटपणे गळत जातात. घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, शिकवणीला पैसे नाहीत, अशांच्या वाट्याला वर्गातले तास तेवढे असतात. किंमत मोजतात ती हीच मुले.

उपाय अवाढव्य नाहीत. छात्राध्यापकाला आज या, उद्या त्या वर्गावर फिरविण्याऐवजी आंतरवासितेचा मुख्य काळ एकाच तुकडीला जोडून द्यावा. आणि तोही शक्यतो जूनमध्ये शाळा उघडताना, म्हणजे वर्गाची घडी मुळात कशी बसवली जाते हे त्याला पाहता येईल. त्याच्या हाती पहिल्या आठवड्यातच हजेरीपट द्यावा. मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्याला दोनतीन तासिकांची सूट आणि शासनाकडून मानधन मिळावे. लाभ साऱ्या समाजाचा असल्यामुळे हा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होणेच न्याय्य आहे. गुण देताना रंगीत तक्त्यांपेक्षा, निरीक्षक नसताना वर्ग कसा चालतो याला अधिक वजन असावे.

नोकरीच्या प्रारंभाचाही विचार व्हायला हवा. महाराष्ट्रात 2000 पासून नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करतो. माध्यमिक शाळांसाठी हे मानधन 2023 मध्ये दरमहा 18,000 रुपये करण्यात आले. ही तीन वर्षे उमेदवारीची आहेत, असे शासन मानते. मग त्या काळात त्याला शिकविण्याची तजवीज कोठे आहे? प्रत्यक्षात अनेक शाळांत सर्वांत अवघड तुकडी आणि सर्वाधिक ऑफ तास याच नवख्याच्या माथी मारले जातात. अनुभवी शिक्षकांनी अवघड तुकड्या स्वतःकडे घेतल्या आणि नवख्याला आठवड्यातून एकदा आपल्या वर्गात बसू दिले, तर त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांना हे येत्या वेळापत्रकातही करता येईल.

वर्ग सांभाळणे हे शिकविण्याच्या आधीचे हलके काम आहे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. ते शिकविण्याचेच अंग आहे. सुताराकडे उमेदवारी करणाऱ्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी सागवानाची फळी देऊन उस्ताद निघून जात नाही. फळी वाया जाईल, हे त्याला कळते. आपण मात्र नवख्याच्या हाती साठ मुले सोपवून निश्चिंतपणे दार लावून घेतो.