फोन आहे ना, मग कॅमेरा कशाला?

लाँग वीकेंड जवळ आला की ऑफिसात मालवणचे बेत सुरू होतात. मी खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा बरोबर घेणार म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, "अरे, एवढा महागाचा फोन आहे ना, मग हे डबडं कशाला?" उत्तर चहाच्या टेबलावर संपत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी समोरच्याचं खरं ते मान्य करून टाकू. चित्राच्या दर्जावर भांडायचं असेल, तर डबडं हरलं. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ६ मिमी रुंद. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर त्याहून मोठा असतो. बाजारानेही निकाल केव्हाच दिलाय. जपानी कंपन्यांनी २०१० साली असे १० कोटींहून जास्त कॅमेरे जगभर पाठवले, २०२३ मध्ये पुरते २० लाखही नाहीत. झालं? आता माझी बाजू ऐका.

मुद्दा पहिला, अगदी व्यवहाराचा. मालवण जेटीवरून तुम्ही सिंधुदुर्गाच्या होडीत बसता. लाटांवर होडी हलतेय आणि तुम्ही एका हाताने फोन बाहेर काढून धरलाय. त्या फोनमध्ये काय काय आहे? तुमचे पैसे, परतीचं तिकीट, बँकेचे ओटीपी, ऑफिसचं लॉगिन. तो पाण्यात गेला तर सहल तिथेच संपली! कॅमेरा गेला तर फक्त कॅमेरा जातो. वाईट वाटेल, पण रात्रीच्या सुरमईचे पैसे तरी देता येतील. सगळा संसार एकाच उपकरणात ठेवायचा आणि तेच खाऱ्या पाण्यावर धरायचं, याला आमच्या धंद्यात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. ऑफिसात यावर तासभर मीटिंग घेणारी माणसं सहलीला गेली की ते विसरतात.

मुद्दा दुसरा, उन्हाचा. भर दुपारी वाळूत उभं राहिलं की स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. २००० च्या दशकातल्या कॅननच्या ए-सिरीजसारख्या कॅमेऱ्यांना डोळा लावून बघायची छोटी काचेची खिडकी असायची. चौकट थोडी चुकते, पण निदान समोरचं दिसतं. वर तिप्पट-चौपट खराखुरा ऑप्टिकल झूम. सिंधुदुर्गाचं महाद्वार तटाच्या वळणात असं दडवलंय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. तो तट होडीतून टिपायचा तर झूम लागतोच. वेगळी टेलिफोटो लेन्स नसलेले फोन तिथे नुसते पिक्सेल ताणतात.

मुद्दा तिसरा, आणि माझ्या मते खरा. फोनचा फोटो म्हणजे बऱ्याचदा एक क्षण नसतोच. तो लागोपाठ अनेक फ्रेम घेतो, जुळवतो, सावल्या उजळतो, आभाळ रंगवतो. तारकर्लीची तिन्हीसांज तो दुपारसारखी करून देतो. कॉम्पॅक्टही कच्च्या चित्रावर संस्कार करतो, नाही असं नाही. पण साध्या मोडमध्ये ते एकाच एक्स्पोजरवर. अंधार होता तर अंधार येतो. किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा दोन्ही टोकांना माणसांची रांग असते, वय झालेले बाप्ये आणि पोरं एकाच दोराला. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या रेट्यात ही पद्धत आक्रसत चाललीय. उद्या ती कशी होती हे दाखवायला आपले फोटोच हाताशी असतील. ते जसं दिसलं तसं असावेत, की कुठल्यातरी कंपनीला जसं आवडतं तसं?

मुद्दा चौथा मालकीचा. डिजिकॅम हे पूर्ण झालेलं सॉफ्टवेअर आहे. अकाउंट नाही, अपडेट नाही, "स्टोरेज भरलं, दरमहा पैसे द्या" नाही. कार्ड काढलं की फोटो तुमच्या हातात. हौशी मंडळींनी कॅननच्या कितीतरी मॉडेलसाठी सीएचडीके नावाचं मोफत सॉफ्टवेअर लिहिलंय. कार्डावरून चालतं, कॅमेऱ्याच्या मूळ फर्मवेअरला हात लावत नाही, आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्यालाही रॉ फाइल देतं. असा खेळ तुमच्या फोनशी करून बघा बरं! शिवाय हा कॅमेरा आठ वर्षांच्या भाचीच्या नाहीतर आजीच्या हातात बिनधास्त देता येतो. फोन देताना आपण त्यांच्या खांद्यावरून डोकावत राहतो. हो की नाही?

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडतो. "व्हिंटेज लूक" म्हणून जुने डिजिकॅम चढ्या भावात घेणारे! कॅननने तर २०१६ चा इक्सस २८५ एचएस किरकोळ बदल करून २०२५ मध्ये पुन्हा विकायला काढला. तेवीस वर्षांच्या पोरांना स्वतःच्या जन्माच्या वेळचा फ्लॅश हवाय, कारण रीलवर तो छान दिसतो. म्हणजे कॅमेरा घ्यायचा, फोटो फोनवर घ्यायचा आणि पुन्हा तिथेच टाकायचा. मग फोनने काय घोडं मारलं होतं?

विकत घेण्याआधी घरातलं कपाट उघडा, एखादा नक्की सापडेल. डबल ए सेलवाला असेल तर उत्तमच, सेल कुठेही मिळतात. फार जुन्याला २ जीबीचं साधं एसडी कार्डच लागतं, पण त्यात पाच-सहाशे फोटो आरामात मावतात. वारा सुटला असताना वाळूत लेन्स बाहेर काढू नका, एक कण पुरतो. परत आल्यावर सिलिका जेल घालून डब्यात ठेवा, कोकणातली दमट हवा काचेवर बुरशी आणते.

आणि हो, कोणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. "येवा, कोकण आपलाच असा" हे आमंत्रण आहे, परवाना नव्हे. फोटो जमला तर ६×४ ची प्रिंट काढून त्यांना पाठवा. त्याला दोन मेगापिक्सेल पुरतात.