उजेड किती, यापेक्षा उजेड कुठून

कुर्डुवाडी हे जंक्शनचे गाव. ओझ्याचा हिशेब इथल्या माणसाला निराळा शिकवावा लागत नाही. आज जिथून मोठ्या रुळांवरून गाड्या धावतात, त्या स्थानकाचे नाव एके काळी ‘बार्शी रोड’ असे होते. १८९७ साली तिथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती आखली होती. गाडीचा भार अधिक चाकांवर सारखा वाटला आणि एका आसावर पाच टनांहून जास्त वजन येऊ दिले नाही, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने इथे सिद्ध करून दाखवले. ओझे घटवावे, काम घटू देऊ नये, हे त्या योजनेचे सूत्र. घरच्या कुत्र्याचे चांगले छायाचित्र काढण्यासाठी सोबत नेता येईल असा फ्लॅश निवडताना हेच सूत्र उपयोगी पडते.

पेढीच्या ओट्यावर, गोदामाच्या दाराशी किंवा मळ्यातल्या घरी बारा-तेरा वर्षे सोबत करणारे कुत्रे गेले, म्हणजे घरातली माणसे त्याचा एखादा फोटो शोधू लागतात. हाती लागतो तो बहुधा मोबाइलवर रात्री घाईत टिपलेला, हललेला आणि हिरव्या चकाकत्या डोळ्यांचा. काळ्या कुत्र्याच्या बाबतीत तर अंधारात अंधार एवढेच उरते. भटक्या पिलासाठी घर शोधणाऱ्या कार्यकर्त्यांचाही अनुभव असा, की चेहरा स्पष्ट नसेल, तर पाहणाऱ्याची नजर फोटोवर ठरत नाही. दख्खनच्या स्वतःच्या जातीही आहेत. लांब मुस्कटाचा, पातळ कातडीचा कारवान सोलापूर भागात पूर्वापार पाळला जातो. त्याचा जवळचा नातलग मुधोळ हाउंड २००५ साली टपाल तिकिटावर आला. अशा कुत्र्याचे नीट काढलेले चित्र घराची आठवण असते आणि जातीची नोंदही.

डोळे हिरवे का दिसतात, यातच खरेदीचे पहिले उत्तर आहे. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे परावर्तक थर असतो. मंद उजेडात पाहण्यासाठी निसर्गाने दिलेला तो आरसाच म्हणावा. फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवून समोरून चमकवला, की प्रकाश त्या आरशावर आपटून थेट भिंगात परततो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून बाजूला, कुत्र्याच्या डोळ्यांहून थोडा उंच नेला, तर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय गालाची गोलाई, नाकाडाची लांबी आणि केसांचा पोत उठून दिसतो. म्हणून पहिली गरज मोठ्या फ्लॅशची नाही. फ्लॅश दूरवरून चालवणारा रेडिओ ट्रिगर आणि एक मजबूत स्टँड यांची आहे. ट्रिगर बहुधा ठरावीक कॅमेरा कंपनीसाठीच बनतो. कॅननसाठी घेतलेला निकॉनवर पूर्णपणे चालेल, असे गृहीत धरू नये.

दुसरा प्रश्न शक्तीचा. फ्लॅशच्या खोक्यावर ‘गाइड नंबर’ ठळक छापलेला असतो. आयएसओ १०० वर त्या आकड्याला मीटरमधल्या अंतराने भागले, की कोणते अॅपर्चर चालेल ते कळते. गाइड नंबर ४० असेल, तर ५ मीटरवर एफ ८. परंतु अनेक कंपन्या हा आकडा फ्लॅशचा झोत सर्वांत अरुंद करून मोजतात. झोत रुंद केला, की तो बराच खाली येतो. व्यापारी मंडळींनी वजनकाट्यावर जशी नजर ठेवावी, तशी या आकड्याच्या पुढच्या बारीक अक्षरांवर ठेवावी. स्टुडिओ पद्धतीच्या दिव्यांची शक्ती वॉट-सेकंदांत सांगतात आणि तिची तुलना त्या मानाने सोपी असते. कॅमेऱ्यावर बसणारा नेहमीचा स्पीडलाइट साधारण ६० ते ८० वॉट-सेकंदांचा, हातात मावणारा बॅटरीचा दिवा २०० चा, तर खांद्यावर वाहावा लागणारा ४०० ते ६०० चा असतो.

मग किती पुरे? कुर्डुवाडीच्या भर दुपारचे ऊन घ्यावे. आयएसओ १०० आणि शटर १/२०० सेकंद ठेवले, तर असे ऊन सुमारे एफ ११ इतके भरते. बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशची शटर-मर्यादा १/२०० ते १/२५० सेकंदच असते. त्यापुढे ‘हाय-स्पीड सिंक’ वापरता येते. मात्र त्यात फ्लॅशची बरीच शक्ती खर्ची पडते. त्यात प्रकाश छत्रीतून गाळला, की कधीकधी त्याचा चौथा हिस्साच उरतो. या उन्हाशी स्पर्धा करायला स्पीडलाइट पुरतो न पुरतो. २०० वॉट-सेकंदांचा दिवा जवळ ठेवल्यास निभावून नेतो. परंतु भर दुपारी, तापल्या फरशीवर कुत्र्याला बसवावेच कशाला? सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, ओसरीच्या किंवा लिंबाच्या सावलीत तोच स्पीडलाइट भरपूर होतो आणि कुत्र्याचे पंजेही भाजत नाहीत. वेळ नीट निवडली, तर कित्येक हजार रुपयांची शक्ती विकत घ्यावी लागत नाही.

अंतराचा नियमही असाच बचतीचा आहे. दिवा दोन मीटरवरून एक मीटरवर आणला, तर कुत्र्यावर पडणारा प्रकाश चौपट होतो. जवळ आणलेली मोठी छत्री कुत्र्याच्या मानाने अधिकच मोठी ठरते आणि सावल्या मऊ पडतात. कारवानसारख्या आखूड, तुकतुकीत केसांच्या कुत्र्यावर उघड्या फ्लॅशचे पांढरे ठिपके चमकतात. तिथे तीन ते चार फुटांची पांढरी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स हवाच. छत्री स्वस्त आणि उघडायला झटपट, पण वाऱ्यात उडते. सॉफ्टबॉक्सचा प्रकाश अधिक आटोक्यात राहतो. दोन्हींसाठी स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी बांधावी. शेपटीचा एक फटका किंवा माळावरची एक झुळूक सारा संच आडवा करू शकते, आणि अंगावर कोसळलेला स्टँड पाहिलेले कुत्रे पुन्हा त्या जागी येत नाही.

ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याचे मत विचारात घेणे ही सर्वांत मोठी कसोटी. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात फ्लॅश म्हणजे मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका असे. जॉर्ज शिरास यांनी रात्री टिपलेली वन्यप्राण्यांची चित्रे जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये छापली गेली, तेव्हा जगाला त्यांचे अप्रूप वाटले, पण त्या स्फोटाने रानातली हरणे बिथरत. आजचा फ्लॅश धुराचा नाही. तरी तो पुन्हा भरल्यावर ‘बीप’ करतो, आणि माणसापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचे आवाज ऐकणाऱ्या कुत्र्याला तो खुपतो. बीप बंद करता येतो का, हे दुकानातच पाहावे. फ्लॅश लवकर भरतो का, हेही पाहावे. पूर्ण शक्तीवर दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात कान टवकारल्याचा क्षण निघून जातो. शक्ती आठव्या हिश्श्यावर ठेवली, की फ्लॅश जवळजवळ लगेच तयार होतो, त्याची चमक अधिक क्षणिक असल्याने हललेले केसही स्वच्छ येतात, आणि कुत्र्याच्या डोळ्यांवरचा ताण कमी राहतो. म्हणजे दिवा जवळ, शक्ती कमी, हे धोरण चित्राच्याही हिताचे आणि जिवाच्याही.

बसवण्यापूर्वी कुत्र्याला स्टँड हुंगू द्यावा. पहिली चमक त्याच्याकडे नव्हे, भिंतीकडे करून लगेच आवडता खाऊ द्यावा. ते वारंवार ओठ चाटू लागले, जांभया देऊ लागले, मान वळवू लागले किंवा शेपूट पायांत घेतली, तर त्या दिवशीचे काम संपले असे समजावे. नुकते डोळे उघडलेल्या पिलांवर फ्लॅश वापरूच नये. खिडकीचा उजेड त्यांना पुरतो. फेफरे येणाऱ्या कुत्र्याबाबत आधी पशुवैद्यांना विचारावे.

खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी ट्रिगर, स्टँड, छत्री आणि एक स्पीडलाइट. अंधाऱ्या बाजूसाठी दुसरा दिवा घेण्याची घाई नको. पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा तेच काम करतो. वर्षभर सातत्याने काम होत असेल, तरच २०० वॉट-सेकंदांचा दिवा घ्यावा. लिथियम बॅटरी उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवू नये; सोलापूर जिल्ह्यातली चाळिशीपलीकडची उष्णता तिला मानवत नाही. पक्के बिल, हमीपत्र आणि सुट्या बॅटरीची उपलब्धता यांची खात्री करावी. जुना फ्लॅश घेत असल्यास सलग पंधरा-वीस वेळा चमकवून पाहावा.

आणि त्याही आधी लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यावसायिकाकडून असा संच एका संध्याकाळपुरता भाड्याने आणावा. ओसरीत तो उभा करावा, दहा-बारा फोटो काढावेत आणि थांबावे. थोड्या वेळाने कुत्रे आपणहून त्या छत्रीखाली येऊन बसले, तर संच योग्य आहे. पैसे द्यायला हरकत नाही.